टेक्सासच्या खाड्यांत कयाकवरून रेडफिश आणि ट्राउट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन, शुगरलँड, केटीकडची मराठी मंडळी गॅल्व्हस्टन बेटावर जातात ती बहुतेक वेळा वाळूवर बसून परत यायला. बेटाच्या मागच्या अंगाला जी उथळ खाडी पसरली आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. मासळीचं वेड असलेल्या माणसासाठी खरा खजिना तिकडेच आहे. कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीवरून, गळ टाकायला शिकायचं म्हटलं की जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सुरुवातीलाच सांगतो: आधी वारा आणि पाणी ओळखायला शिका, सामानाची खरेदी त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की कयाक गॅरेजमध्ये धूळ खात पडते.

रेडफिश आणि ट्राउट म्हणजे नेमके कोणते मासे? आपल्याकडे मिळतात का?

रेडफिश म्हणजे रेड ड्रम. तांबूस अंग, जाड खवले आणि शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका. कधी एक, कधी तीन-चार. स्पेकल्ड ट्राउट लांबट आणि चंदेरी असते, पाठीवर काळे ठिपके आणि वरच्या जबड्यात पुढेच दोन सुळे. दोन्ही मासे आपल्या किनाऱ्यावर मिळत नाहीत, पण त्यांचं कुळ आपल्या चांगलं ओळखीचं आहे. घोळ आणि ढोमा ज्या कुळातले, त्याच कुळातले हे दोघे. डोंगरातल्या थंड नद्यांमधल्या ट्राउटशी या ट्राउटचं काही नातं नाही.

या कुळातले नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतात. विणीच्या हंगामात हा आवाज जास्त असतो, आणि कधीकधी हातात धरलेला मासाही घुमतो. खाडीतली बाकीची वस्तीही परकी वाटणार नाही. पाण्याबाहेर उड्या मारतात त्या बोय, तळाशी चिकटलेला लेपेसारखा चपटा फ्लाउंडर, नको असताना गळाला लागणारा शिंगाळा, आणि चिखलात दडलेली पाकट. पोर्ट अरान्ससच्या बाजूला तर तिवरांच्या जातभाईंची हिरवी बेटं आहेत. कोकणातला माणूस तिथे गेला की पहिल्यांदा ती झाडंच बघत राहतो.

त्यासाठी कयाकच कशाला? मोटरबोट बरी नाही का?

रेडफिश फूटभर पाण्यात चरायला येतो. तिथे मोटरबोट पोचत नाही, आणि पोचली तर आवाजाने मासे पांगतात. शिवाय टेक्सासच्या किनाऱ्यावर बोटीच्या पंख्याने समुद्री गवत मुळासकट उपटणं हा कायद्याने गुन्हा आहे. याच गवतात कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्लं वाढतात. कयाक त्यावरून नुसती सरकत जाते. खर्चाचा फरक तर सांगायलाच नको.

मला पोहता येत नाही. चालेल का?

आधी पोहायला शिका. खाडी उथळ आहे हे खरं, बऱ्याच ठिकाणी उलटलात तरी उभं राहता येतं. पण मधूनच दहा-बारा फूट खोल नाळ, म्हणजे पाण्याची वाट, लागते, आणि काही ठिकाणी तळाला एवढा मऊ चिखल असतो की पाय रुतून बसतो. कयाकवर प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट असणं कायद्याने बंधनकारक आहे. 13 वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलंच हवं. मोठ्यांनीही ते पाठीमागे बांधून न ठेवता अंगात घालावं. पाण्यात पडल्यावर हेलकावणाऱ्या कयाकजवळ जॅकेट चढवता येत नाही.

पहिल्या दिवशी गळ घरी ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन कयाक मुद्दाम उलटवा, सरळ करा, पोटावर आडवे होऊन वर चढा, मग फिरून बसा. हे दमलेल्या अवस्थेतही जमेपर्यंत करा.

कोणती कयाक घ्यावी?

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप. आत पाय घालून बसायची नको, कारण उलटली की आत पाणी भरतं आणि ती रिकामी करणं अवघड होतं. लांबी 11 ते 13 फूट, रुंदी 32 ते 36 इंच. रुंद कयाक संथ चालते पण स्थिर असते, आणि नवख्याला वेगापेक्षा स्थिरता हवी. पायाने पेडल मारायच्या कयाकमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात, वाऱ्यात फारच सोय होते. पण त्या महाग आणि वजनदार असतात, आणि अगदी उथळ पाण्यात पेडलचे पंखे वर घ्यावे लागतात. वल्ह्याची जुनी कयाक निम्म्याहून कमी किमतीत मिळते. तीच घ्या. त्याआधी एकदोनदा भाड्याने नेऊन बघा. मोटर बसवली की नोंदणी लागते, नुसत्या वल्ह्याच्या कयाकला लागत नाही.

वारा किती असेल तर जायचं?

हाच खरा प्रश्न आहे, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. मासा मिळेल का, हे जेवढं विचारलं जातं त्याच्या निम्म्यानेही वाऱ्याबद्दल विचारलं जात नाही.

टेक्सासच्या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ आग्नेयेचा वारा असतो. मार्च ते मे तो सगळ्यात जोरात. पहाटे शांत, दहा-अकरानंतर चढत जाणारा, दुपारी पाणी फेसाळवणारा, असा त्याचा रोजचा रिवाज. नवख्याने अंदाज ताशी 10 मैलांच्या आत असेल तरच निघावं. 15 मैलांचा वारा जमिनीवर फारसा वाटत नाही, पण मोकळ्या खाडीत त्यावर पांढरी शिखरं उठतात आणि कयाक जागेवर राहत नाही. राष्ट्रीय हवामान सेवेचा सागरी अंदाज आदल्या रात्री आणि निघताना, असा दोनदा वाचा.

जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जा, म्हणजे परतताना तो पाठीशी राहील. जायला मजा वाटते म्हणून वाऱ्याबरोबर दोन मैल गेलेला माणूस दुपारी दमलेल्या हातांनी वाढलेल्या वाऱ्यावर परत येतो. किंवा येत नाही, मग तटरक्षक दलाला बोलवावं लागतं.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या थंड लाटेला इथे नॉर्दर म्हणतात. आधी वारा एकदम पडतो, हवा दमट आणि गरम होते, उत्तरेला निळसर काळी रेघ दिसते. ती दिसली की मासे लागत असले तरी किनारा गाठा. अर्ध्या तासात वारा फिरतो, तापमान झपाट्याने उतरतं, आणि ओल्या कपड्यांत अंग गारठायला वेळ लागत नाही. वीज चमकली तर विचारच नको: सपाट पाण्यावर कार्बनचा रॉड हातात घेऊन तुम्हीच सगळ्यात उंच असता.

भरती-ओहोटीचं गणित मुंबईसारखंच का?

नाही. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-पाच मीटर चढउतार करतं. इथे ते फूट-दोन फुटांच्या आतबाहेर असतं, आणि वारा ते सहज उलटवतो. सलग आग्नेयेचा वारा वाहिला की पाणी खाडीत तुंबतं. नॉर्दर आला की पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि काल जिथे कयाक चालली तिथे आज चिखल उघडा पडतो. म्हणून तक्त्यातल्या वेळेइतकंच वाऱ्याकडे बघा. पाणी वाहतं आहे ना, एवढं महत्त्वाचं. थांबलेल्या पाण्यात मासेही सुस्त असतात. ओहोटीला खाजणाच्या छोट्या नाळ्यांमधून कोळंबी आणि खेकडे बाहेर ओढले जातात, आणि त्या नाळीच्या तोंडाशी रेडफिश वाट बघत असतो.

पहिल्यांदा कुठे जावं?

ह्यूस्टनकरांसाठी गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कची खाडीकडची बाजू. कयाकसाठी आखलेले मार्ग आहेत, पाणी उथळ आहे, गवताळ कडांमुळे वाऱ्यापासून आडोसा मिळतो. सुट्टीच्या दिवशी प्रवेशाचं आरक्षण आधी करून ठेवा. थोडं पुढे ख्रिसमस बे आहे. तिथे समुद्री गवत चांगलं आहे आणि गर्दी कमी.

सॅन अँटोनियो किंवा ऑस्टिनहून येणाऱ्यांनी अरान्सस पासजवळचा लाइटहाउस लेक्सचा मार्ग धरावा. तिवरांमधून वळणावळणाने जाणारे पाण्याचे रस्ते, स्वच्छ पाणी, आणि वाटेत खुणांचे फलक. तरी जीपीएस जवळ ठेवा, कारण सगळी वळणं सारखीच दिसतात. मार्गापर्यंत पोचायला थोडी खोल, बोटींची वर्दळ असलेली नाळ ओलांडावी लागते. ती सरळ आणि चटकन ओलांडा. त्याहून दक्षिणेला लगुना माद्रे पसरली आहे. मैलोन्‌मैल लांब आणि सरासरी खोली जेमतेम तीन-चार फूट. पण तिथलं मोकळं पाणी अनुभवी माणसासाठी.

ह्यूस्टन शिप चॅनलच्या आसपास कयाक नेऊ नका. टँकर निघून गेल्यावर काही मिनिटांनी उथळ कडेला जी लाट येऊन फुटते ती भल्याभल्यांना उलटवते.

एक जागा निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. वेगवेगळ्या वाऱ्यात, वेगवेगळ्या पाण्यात तीच खाडी बघितली की ती कळायला लागते. दर शनिवारी नवीन ठिकाण शोधणाऱ्याला कुठलीच खाडी कळत नाही.

परवाना आणि नियम काय आहेत?

17 वर्षं पूर्ण झालेल्यांना परवाना हवा आणि खाऱ्या पाण्यासाठी त्यावर वेगळी मान्यता हवी. टेक्सासच्या रहिवाशांना दोन्ही मिळून 35 डॉलरला पडतं. सलग सहा महिन्यांहून जास्त इथे राहिला असाल तर तुम्ही रहिवासी धरले जाता. नागरिकत्वाचा संबंध नाही, त्यामुळे व्हिसावरच्या मंडळींनी उगाच जास्त पैसे भरू नयेत. परवान्याचं वर्ष 31 ऑगस्टला संपतं. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी एका दिवसाचा परवाना काढता येतो.

रेडफिश 20 ते 28 इंचांमधलाच ठेवता येतो, दिवसाला तीन. ट्राउट 2024 पासून 15 ते 20 इंचांमधली, दिवसाला तीन. त्याहून मोठ्या माशासाठी परवान्यासोबत येणाऱ्या टॅगचे, म्हणजे माशाला लावायच्या चिठ्ठीचे, वेगळे नियम आहेत. हे आकडे बदलत असतात, म्हणून दरवर्षी 1 सप्टेंबरनंतर टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याची नियमावली पुन्हा वाचा. मासा मापपट्टीवर तोंड मिटून, शेपटी चिमटीत दाबून मोजायचा. पाण्यावर असताना डोकं किंवा शेपटी काढायची नाही.

ट्राउटवर एवढी बंधनं कशासाठी?

फेब्रुवारी 2021 च्या हिमलाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान 38 लाख मासे मेले असा खात्याचा अंदाज आहे, आणि हौशी मासेमारांच्या आवडत्या माशांमध्ये सगळ्यात मोठा फटका ट्राउटला बसला. उथळ खाडीतलं पाणी इतकं झटपट गार होतं की मासे खोल पाण्यात पोचायच्या आतच गारठतात. 

त्याआधीची गोष्टही माहीत असावी. 1970 च्या दशकात जाळ्यांनी दोन्ही मासे इतके उपसले गेले की 1981 मध्ये टेक्सासने त्यांची विक्रीच बंद केली. आज हॉटेलात रेडफिश दिसतो तो मत्स्यशेतीतला. सरकारी केंद्रांत पिल्लं वाढवून खाड्यांत सोडली जातात. लेक जॅक्सनचं सी सेंटर टेक्सास हे असंच केंद्र आहे, आणि मुलांना दाखवायला फार चांगलं. आज फूटभर पाण्यात रेडफिशचा कळप दिसतो तो या सगळ्या खटपटीमुळे. म्हणून नियमाच्या अर्ध्या इंचावरून हुज्जत घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रॉड, रीळ, आमिष काय घ्यावं?

सात फुटी मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, 2500 किंवा 3000 आकाराचं रीळ, 10 ते 15 पौंडी ब्रेडेड लाइन, पुढे गळाजवळ दोन-तीन फूट 20 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे जाड दोरा. एवढ्यावर दोन्ही मासे निघतात. आमिषात पाव किंवा एक-अष्टमांश औंसाच्या जिगवर (वजन लावलेल्या गळावर) रबरी मासळी, एक सोनेरी चमचा (चमच्यासारखं चमकणारं धातूचं आमिष), आणि एक पॉपिंग कॉर्क (आवाज करणारं तरंगतं बूच). सुरुवातीला कॉर्कखाली दीड-दोन फुटांवर जिवंत कोळंबी लावा. कॉर्कला झटका दिला की 'ब्लुप' असा आवाज होतो, वर कुणीतरी कोळंबी खातंय असं वाटून ट्राउट बघायला येते. झटका, मग थांबा. बहुतेक वेळा मासा थांबलेल्या क्षणी घेतो.

प्रत्येक वस्तू दोरीने कयाकला बांधलेली असू द्या. वल्हं तर आधी.

रेडफिश शोधायचा कसा?

पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा हवाच, आणि सूर्य पाठीशी. वल्हवणं थांबवा आणि फक्त बघा. उथळ गवतात सगळीकडे वाऱ्याच्या बारीक लहरी असतात. त्यात एखाद्या जागी लहर उलटी जाते, बाणाच्या टोकासारखी. ती पाण्याखालून जाणाऱ्या माशाची. बोयांचा घोळका एकाएकी उसळला तर त्यांच्या मागे काहीतरी आहे. आणि नशीब असेल तर शेपटी दिसते: मासा तोंड खाली करून चिखलात खेकडा उकरत असतो, पाणी गढूळ होतं, आणि वर तांबूस शेपटीचं टोक हळूहळू हलत राहतं. उन्हात तिची कड निळसर चमकते, तो काळा ठिपकाही स्पष्ट दिसतो.

अशा वेळी हात थरथरतात. घाई करू नका. आमिष त्याच्या डोक्यावर न टाकता तो ज्या दिशेने चालला आहे तिकडे तीन-चार फूट पुढे टाका आणि त्याच्या वाटेत हळू ओढून आणा. कयाकच्या तळावर वल्हं आपटलं किंवा डबा घसरला, तर तो आवाज पाण्यातून लांब जातो आणि क्षणात तिथे गढूळ पाण्याखेरीज काही उरत नाही.

आणि ट्राउट?

ती थोड्या खोल पाण्यात, तीन ते पाच फुटांत. गवताच्या कडा, गवतातले वाळूचे मोकळे गोल, कालवांच्या रांगा. पहाटे उजाडताना उथळात येते, ऊन चढलं की खोल सरकते. पाण्यावर उडणारे आणि एकाच जागी सूर मारणारे समुद्रपक्षी दिसले की खाली बहुधा ट्राउटने कोळंबी वर ढकललेली असते. पक्ष्यांच्या मधोमध जाऊ नका, कडेने गळ टाका. एक लागली की तिथेच थांबा, त्या थव्याने असतात.

मासा लागला की कयाक उलटत नाही ना?

मासा उलटवत नाही, माणूस स्वतः एका बाजूला वाकून उलटतो. मोठा रेडफिश कयाकला ओढत नेतो. नेऊ दे, तो तेवढाच दमतो. रॉड कयाकच्या नाकाकडे ठेवा, डोकं कयाकच्या मध्यरेषेत. ट्राउटचं तोंड पातळ असतं, झटका दिला की फाटून गळ सुटतो, म्हणून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) ढिला ठेवा आणि जाळी वापरा. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा; कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

नांगर टाकायचा तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला. बाजूला बांधलेला नांगर प्रवाहात कयाक आडवी करतो आणि पाणी आत चढतं. उथळात चिखलात रोवायची काठी नांगरापेक्षा सोयीची.

काही चावतं, टोचतं का?

शिंगाळ्याचा काटा आपल्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, इथलाही तसाच विषारी. हाताने धरू नका, पक्कड वापरा. खाली उतरून चालताना पाय उचलून टाकू नका, तळावर घासत चला, म्हणजे पाकट बाजूला होते. काटा लागलाच तर जखम सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात ठेवा आणि डॉक्टर गाठा. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, अनवाणी उतरणं नकोच.

उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जंतू असतो. अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात जाऊ नका. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी विशेष जपावं. काही तासांत जखम लाल होऊन सुजली, दुखायला लागली तर थेट इमर्जन्सीत जा आणि खाडीच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा.

कोणता महिना चांगला?

शिकायला ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. ऊन सुसह्य, कोळंबी खाडीतून बाहेर निघालेली, मासे भुकेले. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे जा, दहाला परत या, आणि माणशी तीन-चार लिटर पाणी न्या.

एकट्याने गेलं तर?

सुरुवातीला नको. पुढेही जाल तेव्हा कुठून उतरणार, कुठे जाणार, किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवा. जलरोधक पिशवीतला फोन, शिट्टी आणि अंधार असेल तर पांढरा दिवा अंगावर हवा. कयाकमध्ये ठेवलेला फोन कयाकबरोबर वाहत जातो.

खायचे कसे?

पकडल्या पकडल्या बर्फात घाला, सगळं त्यावर आहे. वरच्या गॅल्व्हस्टन बे आणि शिप चॅनलमधल्या ट्राउटबद्दल राज्याच्या आरोग्य खात्याची किती खावी याची सूचना आहे, ती बघून घ्या.

ट्राउट नाजूक, फ्रीजरमध्ये मऊ पडते. त्याच दिवशी आगळ, हळद, तिखट, मीठ लावून रवा-तांदळाच्या पिठात घोळून तळा. रेडफिशला इथले लोक खवल्यांसकट अर्धा चिरतात आणि खवल्यांची बाजू खाली ठेवून ग्रिलवर भाजतात. जाड खवल्यांमुळे मांस करपत नाही आणि नंतर चमच्याने सुटून येतं. त्यावर लोणी-लसणाऐवजी हिरवं वाटण थापून बघा. उरलेलं डोकं टाकू नका, त्याचं तिरफळ घातलेलं कालवण घोळीच्या डोक्याच्या कालवणाच्या फार जवळ जातं.